कावळवाटेचं खळं

"पाय धुवलंस का?"

जगात इतर ठिकाणी मुलं खेळून आली की त्यांना पाय धुवायला सांगतात. ही बाई मुलं खेळायला यायच्या आधी सांगायची. तिच्या खळ्याच्या बांधाला लागून एक फुटका रांजण अर्धा जमिनीत पुरलेला होता. त्यातल्या पाण्यातून पाय काढल्याशिवाय आत जायची कुणाची टाप नव्हती. मुलांचं सोडा, टपाल घेऊन येणाऱ्या शिपायाला तिनं हेच विचारलं होतं, वाट चुकून तिकडे वळलेल्या एका वरातीतल्या नवरदेवाला विचारलं होतं, आणि नोकरीवर रुजू व्हायच्या दिवशी शाळेचा रस्ता विचारायला गेलेल्या मलाही विचारलं होतं. माझ्या पायात कोऱ्या वहाणा होत्या. मी जरा ताठ मानेनंच सांगितलं की मी शाळेतला नवा मास्तर आहे.

"मास्तर हायेस तं दिसतंय," ती म्हणाली. "पाय धुवलंस का?"

मी मुकाट्यानं वहाणा काढल्या आणि पाय धुतले. शाळेचा रस्ता तिनं मग दाखवला. तो तिच्या खळ्याच्या बाहेरूनच जात होता, आत यायची मला काहीएक गरज नव्हती.

गाव अलिबागेहून मुरुडकडे जाताना लागतं. नाव सांगत नाही, तिथल्या माणसांना ते आवडायचं नाही. मिठाच्या चळवळीच्या आगेमागे मी तिथे दुय्यम शिक्षक होतो. मी घाटावरचा. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नसे. आणि शाळा होती कोळीवाड्याच्या टोकाला, दोन खोल्यांची. माझ्या वर्गाची खिडकी उघडली की समोर या बाईचं खळं. गावात लहानथोर सगळे तिला नुसतं 'बाय' म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

खळं म्हणजे मासळी वाळवायची जागा. पाऊस सरला की नवरात्राच्या सुमाराला ती शेणामातीनं सारवून, चोपून तळहातासारखी गुळगुळीत करायची आणि मग पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत रोज सकाळी तिच्यावर ओला जवळा पसरायचा. जवळा म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी. दुपारी तो खराट्यानं खालीवर करायचा, उन्हं कलली की गोळा करायचा. या खळ्यांचे कागदबिगद काही नसत. हंगामात जो जिथे वाळवतो तिथे त्याचा हक्क, आणि भर हंगामात एखादं खळं रिकामं दिसलं तर धन्यानं ते सोडलं असं समजून पाटील ते दुसऱ्या कुणाला देई. बायचं खळं तिच्या सासूपासून चालत आलेलं होतं. नवरा तापानं गेलेला, मुलगी मुरुडच्या पलीकडे दिलेली. घरात ती एकटी, आणि तिचं पोट त्या खळ्यावर.

आता वासाबद्दल. तुमच्यापैकी ज्यांनी ओला जवळा उन्हात वाळताना हुंगला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी हुंगला नाही त्यांना सांगून कळणार नाही. पहिला महिनाभर मी खिडकी लावून शिकवत असे. आमचे हेडमास्तर तर कापराची वडी रुमालात बांधून ती नाकाशी धरूनच हजेरी घेत, त्यामुळे मुलांची नावं त्यांच्या तोंडून सर्दी झाल्यासारखी येत. दिवाळीला मी घरी गेलो तेव्हा आईनं माझे कपडे अंगणातच उतरवून घेतले होते. पण वासाचंही माणसासारखंच असतं. रोज भेटला की त्याचा राग जातो. पुढे पुढे वारा फिरला आणि तो आला नाही, तर मला वर्गात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

कावळवाट हा खेळ जन्माला आला तो माझ्या डोळ्यांदेखत. मधली सुट्टी होती. मुलं शाळेमागच्या बोळात विटीदांडू खेळत होती, कारण शाळेला मैदान असं नव्हतंच. एका बाजूला माड, दुसऱ्या बाजूला घरं, समोर खळं. नाम्या नावाच्या पोरानं असा टोला मारला की विटी थेट बायच्या खळ्यात, जवळ्याच्या मधोमध जाऊन पडली. बाय बांबू घेऊन उठली. एका पायाखाली जवळा आला तर बघ, असं तिनं बजावलं. पण विटी तर हवी. जवळा चौकोनाचौकोनांनी पसरलेला होता आणि मध्ये तिला स्वतःला फिरायला वीतवीतभर वाटा सोडलेल्या होत्या. नाम्या पाय धुऊन त्या वाटांवरून चवड्यांवर निघाला. दुसऱ्या बाजूनं आणखी दोघं निघाले, कारण विटी जो आणील त्याचा डाव. मध्येच दोघे एका वाटेत समोरासमोर आले, ओलांडून जायला जागा नाही, एकानं मागं फिरायला हवं. बाकीची पोरं बांधावरून ओरडू लागली.

सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा विटी आणायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. आणि बायच्या लक्षात आलं होतं की एवढा वेळ खळ्यावर एकही कावळा उतरला नाही.

कावळे हा तिचा जन्माचा वैरी. दुपारी गाव जेवायला बसला की ते माडांवरून खाली यायचे, आणि एकटी बाई एका कोपऱ्यातून हाकलीपर्यंत दुसऱ्या कोपऱ्यात बसायचे. शाळेची मधली सुट्टी नेमकी त्याच वेळी. दुसऱ्या दिवशी तिनं मुलांना बोलावलं नाही, फक्त वाटा जराशा रुंद ठेवल्या. रांजणात पाणी मात्र काठोकाठ भरलेलं होतं.

मुलांनी नियम करायला आठवडासुद्धा घेतला नाही. एकजण कावळा. खळ्याच्या मधोमध एक करवंटी पालथी घालायची, ती कावळ्यानं पळवायची. बाकीच्यांनी त्याची वाट अडवायची. धावायचं ते फक्त वाटांवरून. जवळ्याला पाय लागला की तो मेला. मेलेल्यानं बांधावर बसून बांबू आपटायचा आणि खऱ्या कावळ्यांवर लक्ष ठेवायचं. हा शेवटचा नियम मुलांनी केला की बायनं, यावर माझा आणि हेडमास्तरांचा वाद होता. मला विचाराल तर तो तिचाच. तिनं तो अशा बेतानं मुलांच्या तोंडात घातला असणार की त्यांना तो आपलाच वाटावा. तुम्ही म्हणाल, म्हणजे तिनं पोरांना फुकटात राबवलं. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

मग एका सकाळी मी लवकर शाळेत आलो आणि खिडकीतून पाहिलं. बायचा जवळा पसरून झाला होता. आता ती लुगडं आणखी वर खोचून, दोन्ही हात पसरून, त्या वाटांवरून स्वतः चवड्यांवर चालत होती. चांगली जाडजूड बाई, केसांत अबोलीची वेणी, आणि वळणावर आली की गर्रकन फिरून बघत होती, पोराला इथे वळता येईल की नाही. एका ठिकाणी तिचा तोल गेला. तिनं खाली बसून तिथली वाट हातानं दोन बोटं रुंद केली, पुन्हा मागं जाऊन पुन्हा वळून पाहिलं आणि मगच तिचं समाधान झालं.

मी खिडकीतून खोकलो. ती चपापली.

"कावल्यांना चकवाया लागतं, मास्तर," ती म्हणाली. "रोज एकच वाट ठेवली तर त्यांना कलतं."

कावळे उडत येतात, त्यांना वाटेचं काय, हे मी तिला विचारलं नाही.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी पाहू लागलो. एकदा वाटा सरळ, एकदा गोल, एकदा गोगलगाईच्या पाठीसारख्या आत आत जाणाऱ्या. मांदेली मासळी मिळाली असेल तर तिची लांब पट्टी मध्ये घालून ती वाट अडवायची. मुलं शाळेत यायची ती आधी खळ्याकडे धावायची, आज काय मांडलं आहे ते बघायला. वर्गात माझा भूगोल चालू असे आणि मागच्या बाकावर बोटानं पाटीवर बायच्या वाटा गिरवल्या जात. उत्तरेकडून शिरलो तर कुठे निघू, याचा विचार चालू. मी रागावायचो. पण खरं सांगायचं तर नकाशा वाचायला त्या मुलांना मी शिकवलं नाही.

न्यायनिवाडा तिच्याकडे. अमक्याचा पाय लागला, तमक्याचा नाही, अशी भांडणं रोजची. ती वाकून जवळ्याकडे बघायची, मग सगळ्यांना तळवे दाखवायला लावायची. ओला जवळा बोटांच्या बेचक्यात चिकटतो, तो खोटं बोलू देत नाही. पण तिच्या न्यायाला थोडा राजकारणाचाही वास होता. नाम्या सगळ्यांत चपळ. करवंटी नेहमी त्याचीच. त्याला जरा शिंगं फुटली, बारक्या पोरांना तो खेळायला घेईना. तेव्हा बायनं सकाळी जवळा असा मांडला की जी वाट सगळ्यांत सरळ आणि रुंद दिसे ती करवंटीच्या हातभर अलीकडे बंद. नाम्या दरवेळी त्याच वाटेनं भरधाव जायचा आणि अडकायचा, आणि मागून चिंगळी पोरं त्याला कोंडून धरायची. लागोपाठ काही दिवस हेच झालं. शेवटी नाम्याची आई भांडायला आली, की माझा पोर घरी येऊन जेवत नाही, बायनं त्याच्यावर डूख धरलाय.

"लय धावतो," बाय तिला शांतपणे म्हणाली. "जरा थांबाया पन शिकूं दे."

नाम्या थांबायला शिकला. दोन दिवसांनी तो बारक्यांना बरोबर घेऊन आला आणि बायनं ती वाट उघडली.

असे दोन हंगाम गेले. तिसऱ्या हंगामात वरून हुकूम आला की शाळेला मैदान हवं. मुलांना कवायत शिकवायला, खेळ घ्यायला सपाट जागा दाखवा. नसेल तर शाळा छोटी धरली जाईल आणि दुसरा शिक्षक कमी होईल. दुसरा शिक्षक म्हणजे मी. हेडमास्तर भला माणूस, आठ दिवस त्यांना झोप नव्हती. गावात सपाट जागा म्हणजे खळी, आणि शाळेला लागून असलेलं खळं एकच. ते मागायची त्यांना इच्छा नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. त्यांचा बेत निराळा होता. तपासणीच्या साहेबांना मुलांचा कावळवाटेचा खेळ दाखवायचा, आमची मुलं खेळतात, जागाही आहे, बाय ती खुशीनं वापरू देते, एवढं सांगून वेळ मारून न्यायची. बायला त्यांनी निरोप पाठवला की अमुक दिवशी साहेब येताहेत, मुलं खेळ दाखवतील, वासाचं तेवढं जरा बघ.

वासाचं जरा बघ, एवढेच शब्द. ते ऐकून बायनं काय केलं ते आता सांगतो.

साहेब टांग्यातून आले तेव्हा मी मुलांना रांगेत घेऊन खळ्याकडे निघालो. बांधावर चढलो आणि थबकलो. खळ्यावर जवळ्याचा कण नव्हता. तिनं पहाटेच्या होड्यांचा जवळा घेतला होता, पण तो पसरलाच नव्हता. ओल्याचा ओला पाट्यांत भरून घरात नेऊन ठेवला होता. आदल्या दिवशीचा अर्धवट वाळलेलाही उचलला होता. खळं शेणानं नव्यानं सारवलं होतं, चारी कोपऱ्यांत रांगोळी घातली होती, आणि बाय स्वतः ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून एका बाजूला हात जोडून उभी होती. पाहुणा घरी येणार म्हटल्यावर कोळणीनं जे करायचं ते तिनं केलं होतं. घर आवरलं होतं. तिचं घर म्हणजे ते खळंच की.

साहेब बुटांसकट आत गेले. ओल्या सारवणावर बुटांचे ठसे उमटले. आयुष्यात पहिल्यांदा बायनं कुणाला पाय धुतलेस का म्हणून विचारलं नसेल.

मी मुलांना खेळायला सांगितलं. ती गोंधळून माझ्याकडे बघू लागली. वाटा नाहीत, धावायचं कुठून? नाम्यानं धीर करून करवंटी मध्ये ठेवली. मुलं धावली, पण नुसती सैरावैरा. कुणी कुणाला अडवू शकेना, कुणी मरेना. क्षणभरात तो कुठल्याही गावातल्या कुठल्याही पोरांचा गोंधळ झाला. साहेब मात्र खूश. मुलं या जागेवर आधीपासूनच खेळतात तर, ते म्हणाले, मग प्रश्नच मिटला. मी पुढं होऊन सांगितलं की हे मासळीचं खळं आहे, या बाईचं पोट यावर आहे, आजच फक्त ते मोकळं केलं आहे. साहेबांनी चारी बाजूंना पाहिलं आणि हसून विचारलं, मासळी कुठे आहे? मी बायकडे पाहिलं. तिनं सांगावं की घरात पाट्या भरून पडल्या आहेत. ती लाजेनं मान खाली घालून उभी राहिली. ज्या वासापायी एवढी पहाट घालवली तो आता तोंडानं कसा काढणार? पाटील बरोबर होतेच. साहेबांनी त्यांना विचारलं, ही जागा कुणाची. पाटील अडखळले. भर हंगामात खळं रिकामं होतं, सारा गाव बघत होता. रिकाम्या खळ्याला धनी नसतो, हा नेम त्यांच्याच बापजाद्यांनी घातलेला. शेवटी ते पुटपुटले की जागा गावाची.

साहेबांनी जाताना खळ्याची तारीफ केली. इतकी स्वच्छ जागा आपण या किनाऱ्यावर पाहिली नाही, असं म्हणाले. ते ऐकून बायचा चेहरा खुलला. काय गेलं ते तिला तेव्हा कळलंच नव्हतं. तिला वाटलं, आपण शाळेची अब्रू राखली.

कळलं ते दुपारनंतर. मी तिच्या घरी गेलो तेव्हा पाट्यांतला जवळा कोंडून आंबला होता आणि ती तो माडांच्या बुडाशी खत म्हणून टाकत होती. हिरवं लुगडं अजून अंगावर तसंच. मी रागात होतो. म्हटलं, आत्ताच्या आत्ता अर्ज लिहितो, खरं काय ते साहेबांना कळवतो, पाटलांनाही सही करायला लावतो. तिनं रिकामी पाटी खाली ठेवली.

"पाव्हना यायचा म्हनून झाडला, मास्तर. आता त्याला सांगू काय, तुज्या नाकाची लाज वाटली म्हनून लपवला?"

मी म्हटलं, सांगायला काय हरकत आहे? दुसरी पाटी ओतून झाल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आनि अर्ज केलास तर तुजी नोकरी जाल. माना ठाव हाय. हेडमास्तर बोलला."

माझं लग्न ठरलेलं होतं आणि तेही तिला ठाऊक होतं. तरीही तिला न सांगता मी एक अर्ज केलाच. त्याचं उत्तर आलं नाही, आणि माझी नोकरीही राहिली.

खळ्याच्या कोपऱ्यांवर मैदानाच्या हद्दीचे चार खांब उभे राहिले. कवायत सुरू झाली, एक दोन, एक दोन, उजवीकडे वळ. मुलं करायची. मधल्या सुट्टीत त्यांनी कावळवाट पुन्हा मांडून पाहिली. नाम्यानं चुलीतली राख आणून चौकोन आखले, वाटा सोडल्या, बाय काढायची तशाच हुबेहूब. खेळ दोन दिवस टिकला. राखेवर पाय पडला तर कुणाचं काय जातं? जो तो आडवा धावू लागला, मेलास म्हटलं तर नाही मेलो म्हणू लागला, आणि तळवे बघायला कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी पोरं पुन्हा बोळात विटीदांडू खेळताना दिसली. तो खेळ त्या मुलांनी शोधला हे खरं, पण तो उभा होता एका बाईच्या जेवणाच्या घासावर. त्यावर पाय पडू नये एवढ्यासाठी सगळी चपळाई होती. राखेच्या आत काही नव्हतं.

बायनं उरलेला हंगाम किनाऱ्यावर वाळूतच जवळा वाळवला. वाळू लागलेला जवळा कोण घेणार? मुलं सुट्टीत तिथवर धावत जायची, पण शाळेपासून ते लांब, जाऊन येईतो घंटा व्हायची. उशीर झाला म्हणून हेडमास्तरांच्या छड्या बसल्या तशी बायनंच त्यांना येऊ नका म्हणून दटावलं. पुढच्या नवरात्रात ती दिसली नाही. मुलीकडे गेली, असं शेजारणीनं सांगितलं. मला सांगून गेली नाही याचा मला राग आला होता. आता वाटतं, मला काय सांगून जाणार ती?

पुढे माझी बदली झाली, संसार झाला. बऱ्याच वर्षांनी एका लग्नाच्या निमित्तानं मुरुडच्या पलीकडच्या एका बंदरात उतरलो होतो. परतीचा मचवा, म्हणजे शिडाची होडी, सुटायला वेळ होता म्हणून किनाऱ्यानं फिरत निघालो. एक मोठं खळं लागलं, एखाद्या व्यापाऱ्याचं असावं, पाच-सहा बायका रोजानं कामाला. या बांधापासून त्या बांधापर्यंत जवळाच जवळा, मध्ये बोट ठेवायला जागा नाही. पलीकडच्या बांधावर एक म्हातारी बांबू आपटत कावळे हाकलत होती. कावळे तिला जुमानत नव्हते. आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी उभा राहिलो. ती पार वाळली होती, केस पांढरे झाले होते, पण तीच.

मी खळ्याच्या अलीकडून हाक मारली. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि मला ओळखलं. मग तिथूनच, एवढं मोठं खळं मध्ये ठेवून, एकेका मुलाची चौकशी केली. नावं ती विसरली होती. डावीकडं वळताना पडायचा तो काय करतो, मागं न बघता धावायची ती पोर कुठं दिली, अशी विचारत होती. मी आठवेल ते सांगत गेलो. नाम्या तांडेल झाला आहे, स्वतःची होडी चालवतो, म्हटल्यावर ती हसली. मी विचारलं, इथे वाटा का नाही ठेवत?

"वाट कोनासाठी सोडू, मास्तर?" ती म्हणाली.

मी वळसा घालून तिच्यापर्यंत जाईतो मचव्याची हाकाटी सुरू झाली. मला तिच्या पाया पडायचं होतं, पण एवढ्या बायकांसमोर मास्तर कोळणीच्या पाया पडलेला तिलाच चाललं नसतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं, बांधालगतच्या केळीचं पान फाडून घेतलं, कडेचा चांगला कडकडीत वाळलेला मूठभर जवळा त्यात घातला आणि माझ्यापुढं धरला. मग एकदम तिच्या लक्षात आलं की हा माणूस खात नाही. ती हात मागं घेऊ लागली आणि पान मिटू लागली. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं. घरी कुणी खात नाही हे मी तिला सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

मचव्यात गर्दी होती. थोड्याच वेळात शेजारचे लोक इकडेतिकडे बघू लागले. एका गृहस्थांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं आणि वास कुठून येतोय म्हणून विचारलं. माझ्याकडून, मी म्हटलं. तो पुडा पिशवीत घाला तरी, असं ते वैतागून म्हणाले. मी घातला नाही. ते उठून पलीकडे जाऊन बसले, मागोमाग आणखी दोघं गेले. अलिबागेची बाजू दिसू लागेपर्यंत मी पान मांडीवर उघडं धरून बसलो होतो.